फराळाच्या ऑर्डरी, लेकीची हस्तकला आणि हॉलमधली माशांची टाकी

कडबोळी:

नमस्कार. आमचे घर पुण्यात आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पूर्ण भिंत नाही, कमरेइतक्या उंचीचा एक कठडा आहे, आणि त्या कठड्याला लागून हॉलच्या बाजूला माझ्या सासऱ्यांची माशांची टाकी आहे. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असून तिच्यात चार गोल्डफिश, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर आणि तळाशी बारीक खडी एवढेच आहे. हवेचा पंप कठड्यावर, म्हणजे गॅसच्या शेगडीपासून जेमतेम हातभर अंतरावर ठेवलेला आहे.

मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. दसरा झाला की चकली, कडबोळी, शेव आणि शंकरपाळ्यांचे तळण सुरू होते, ते धनत्रयोदशीपर्यंत जवळजवळ रोज चालते. तळण सुरू झाले की टाकीच्या पाण्यावर चकचकीत तवंग दिसू लागतो. यंदा त्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे: सकाळी उठून पाहावे तर चारही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करत असतात आणि दुपारपर्यंत पुन्हा खाली जातात.

दुसरा प्रश्न मुलीचा आहे. ती आठवीत असून तिला हस्तकलेचा फार नाद आहे. यंदा सहामाहीच्या सुटीत तिला टाकीसाठी एक छोटा किल्ला करायचा आहे. हर्णैच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले, मातीच्या पणत्या, नारळाची करवंटी, लोकर आणि रंग असे तिचे साहित्य आहे. यातले काय पाण्यात चालेल आणि काय चालणार नाही, हे मला सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. सासरे संध्याकाळी चहाबरोबर शेव किंवा चिवडा खाताना माशांनाही चिमूटभर घालतात. मासे ते आवडीने खातात, त्यामुळे त्यांना नको म्हणणे अवघड जाते. घरातले असे काही आहे का, जे त्यांनी स्वतःच्या हाताने घातले तरी माशांना अपाय होणार नाही?

पाणवठा:

आपण टाकीचे माप आणि पंपाची जागा दोन्ही सांगितल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी सकाळी मासे वर येतात हा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, परंतु तवंगापासून सुरुवात करतो, कारण त्याचा काही भाग तिथेही लागू पडतो.

कढईतून वाफ उठते तेव्हा तिच्याबरोबर तेलाचे अतिसूक्ष्म कण हवेत जातात. ओट्यावरच्या फरशा आणि पंख्याची पाती दिवाळीनंतर चिकट का होतात, हे आपल्याला सांगायला नकोच. यातले काही कण पाण्यावर वरून बसतात, पण खरी मेख पंपात आहे. पंप ज्या जागी ठेवलेला असतो तिथलीच हवा तो ओढतो आणि बुडबुड्यांच्या रूपाने थेट पाण्यात सोडतो. म्हणजे आपल्या घरी शेगडीजवळची हवा दिवसभर टाकीत ढवळली जात आहे. पंप उचलून आतल्या खोलीत किंवा गॅलरीत ठेवावा आणि लांब नळीने टाकीला जोडावा. नळी काही रुपयांत मिळते. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवावा लागणार असेल तर नळीत एक उलटझडप अवश्य बसवावी, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे वाहून पंपात आणि जमिनीवर येऊ शकते.

मात्र पाण्यावरचा प्रत्येक तवंग कढईतला नसतो. जास्त पडलेल्या खाद्यातील प्रथिने आणि स्निग्धांश यांच्यावर जिवाणू वाढून तसाच चकचकीत थर तयार होतो. काडीने त्याच्यावर एक रेघ ओढून पाहावी. तेल असेल तर ते बहुधा लगेच पुन्हा एकत्र येते. जिवाणूंचा थर असेल तर तो पापुद्र्यासारखा फाटतो आणि त्याचे तुकडे काही काळ वेगळे राहतात. आपल्या टाकीत दोन्ही एकदम असण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण शेवेतही तेल आहेच. काढण्याची रीत दोन्हींची एकच आहे: रंग नसलेला, छपाई नसलेला टिपकागद पाण्यावर अलगद पसरावा, क्षणभराने एका टोकाने उचलून टाकून द्यावा आणि तवंग जाईपर्यंत हे पुन्हा करावे. तळण चालू असताना टाकीवर काचेचे झाकण ठेवून वरून ओलसर पंचा टाकावा. तवंग जाड झाला की पाणी आणि हवा यांच्यातली वायूंची देवघेव मंदावते आणि पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

आता सकाळच्या लक्षणाकडे वळू. आपल्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावते आणि खडी व वरची रिकामी जागा वजा केली तर प्रत्यक्षात पन्नासच्या आतच असणार. वाढलेला गोल्डफिश सहज १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि तो खातोही बराच, त्यामुळे चार माशांना ही टाकी फार लहान आहे. हे ऐकायला आवडत नाही, याची मला कल्पना आहे; परंतु माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया एवढ्याशा पाण्यात लवकर साठतो आणि त्याने कल्ल्यांना इजा झालेला मासा नेमका असाच वर येऊन तोंड उघडझाप करतो. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासण्याचा संच मिळतो. तो आणून मोजमाप इथे कळवावे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: टाकी कोण, केव्हा आणि कशी स्वच्छ करते, आणि रात्री हॉलमध्ये डासांसाठी काही लावले जाते का?

सुईदोरा:

मी मुलींना हस्तकला शिकवते आणि घरी गप्पी व मोली मासे पाळते, म्हणून फक्त दुसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. लेकीला किल्ला जरूर करू द्यावा. फक्त पाण्यात महिनोन्महिने बुडून राहणारी वस्तू आणि कपाटावर ठेवायची वस्तू यांचे साहित्य सर्वस्वी वेगळे असते, हे तिला आधी समजावून सांगावे.

पणत्या उत्तम, पण त्या कोऱ्या, न रंगवलेल्या आणि चांगल्या भाजलेल्या हव्यात. ज्यात एकदा तेल-वात झाली ती पणती तेल पिऊन बसलेली असते. तिला कितीही उकळले तरी मी ती टाकीत घालणार नाही. कुंभाराकडून लहान कुंडी आणून ती आडवी अर्धी पुरली तर फार सुंदर गुहा होते. कडा मात्र कानशीने किंवा पॉलिशपेपरने घासून घ्याव्यात, कारण गोल्डफिशचे पंख आणि शेपट्या नाजूक असतात. किल्ल्यासाठी मुले नेहमी शाडूची माती घेतात. ती न भाजलेली असल्यामुळे पाण्यात विरघळून चिखल होईल. प्लॅस्टर ऑफ पॅरिसही नको, कारण तेही हळूहळू विरघळते आणि पाण्याचा जडपणा वाढवत राहते.

करवंटी मला सर्वांत आवडते. आतले खोबरे पूर्ण खरवडून काढावे, बाहेरच्या शेंड्या घासून टाकाव्यात, एका बाजूला दार कोरावे आणि करवंटी पाणी बदलत बदलत उकळावी. प्रत्येक वेळी पाण्याचा तपकिरी रंग फिका होत जातो. थोडा रंग टाकीत उतरला तरी तो माशांना घातक नसतो, केवळ पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. या करवंटीवर जावा मॉस नावाचे शेवाळासारखे पाणवनस्पतीचे पुंजके सुती दोऱ्याने गुंडाळून बांधले, तर काही आठवड्यांत ते करवंटीला धरतात, दोरा कुजून जातो आणि हिरवी टेकडी उरते. गोल्डफिश ते अधूनमधून कुरतडतील, पण त्याने बिघडत नाही. आठवीतल्या मुलीला दोऱ्याचे हे काम अतिशय जमते.

लोकरीचे ऐकून आपल्याला नवल वाटेल. मासेपालक स्वतः लोकरीचे झुपके करून पाण्यात सोडतात, कारण अनेक जातींचे मासे त्या धाग्यांत अंडी घालतात आणि झुपका उचलून अंडी वेगळी करता येतात. त्यासाठी खऱ्या मेंढीच्या लोकरीऐवजी अ‍ॅक्रिलिकचा धागा लागतो, कारण खरी लोकर पाण्यात कुजते. बाजारात विणकामासाठी मिळणारे स्वस्त गुंडे बहुधा अ‍ॅक्रिलिकचेच असतात. धागा आधी गरम पाण्यात भिजवून रंग सुटतो का ते पाहावे. गडद रंग सुटण्याची शक्यता अधिक, म्हणून हिरवा किंवा पांढरा घ्यावा. वीतभर लांबीचे धागे मधोमध बांधून बुचाच्या तुकड्याला अडकवले की झुपका तरंगतो. क्रोशाची जाळी मात्र टाकीत नको, तिच्या फासांत मासा अडकू शकतो.

चिकटवण्याबद्दल: फेविकॉलने जोडलेला किल्ला पाण्यात सुटून येणार, यात शंका नाही. मत्स्यालयासाठीचे शुद्ध सिलिकॉन वापरावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेले असते, ते टाळावे. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण गेल्याशिवाय वस्तू पाण्यात घालू नये. शिंपले उकळून, आत काही उरलेले नाही ना ते पाहून वापरायला हरकत नाही, गोल्डफिशला थोडे जड पाणी मानवते. तांबे, पितळ, घुंगरू, चमकी, नेलपॉलिश आणि व्हार्निश यांतले काहीही टाकीत जाऊ देऊ नये. विरघळलेले तांबे माशांना आणि त्याहूनही अधिक गोगलगायींना मारक ठरते.

रंगांची हौस भागवण्यासाठी एक वेगळी जागा आहे: टाकीची मागची काच. तिला वारली शैलीत एक लांब चित्र काढू द्यावे आणि ते काचेच्या बाहेरच्या बाजूने चिकटवावे. पाण्याचा स्पर्शच होणार नसल्यामुळे कोणताही रंग चालतो. गेरूच्या पार्श्वभूमीवर केशरी मासे हरवतात, म्हणून तिने गडद निळा किंवा काळसर हिरवा कागद घ्यावा, असा माझा आग्रह आहे. चित्र आणि काच यांच्यामध्ये हवा राहून ते धूसर दिसते. चित्र आधी लॅमिनेट करून, काचेच्या बाहेरून खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवून त्यावर ते दाबून बसवले की रंग एकदम खुलतात. आपल्या घरी तेलाची कमतरता नसावी.

कडबोळी:

दोघांचेही मनापासून आभार. मुलगी हे सर्व वाचून आत्ताच करवंट्या गोळा करू लागली आहे.

पाणवठा यांनी विचारलेल्या गोष्टी सांगते. टाकी आम्ही स्वतः धूत नाही. दुकानातला एक माणूस दर महिन्याला येतो, मासे बादलीत काढतो, सगळे पाणी ओततो, खडी आणि स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो आणि नळाचेच ताजे पाणी भरून मासे परत सोडतो. अमोनियाचा संच आणला. पाण्याचा रंग हिरवा झाला आणि तक्त्यावर तो १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) जवळ बसतो. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ७.५च्या आसपास आहे. रात्री हॉलमध्ये सासरे झोपतात, त्यामुळे डासांचे द्रवाचे मशीन लावलेले असते आणि ते कठड्यावरच्या प्लगमध्ये, पंपाच्या शेजारी असते. पंप कालच गॅलरीत हलवला आहे.

पाणवठा:

तर मग कढईवरचा आरोप बराचसा कमी करावा लागेल.

निरोगी टाकीत स्पंजवर आणि खडीवर दोन प्रकारच्या जिवाणूंची वस्ती असते. एक अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करते. ही वस्ती नव्याने बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो रोगजंतू मारण्यासाठी घातलेला असतो, पण त्याने हे उपयोगी जिवाणूही मरतात. दर महिन्याला स्पंज नळाखाली धुतला जात असेल तर आपली टाकी कायम पहिल्याच आठवड्यात अडकलेली राहते आणि माशांची घाण निस्तरायला आत कोणी उरत नाही. दिसायला मात्र ती काचेसारखी स्वच्छ असते, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

उपाय असा. आज साधारण निम्मे पाणी बदलावे आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत एक दिवसाआड किंवा गरज भासल्यास रोज हेच करावे. भरायचे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून उघडे ठेवावे किंवा क्लोरीन घालवणारे थायोसल्फेटचे थेंब दुकानातून आणून त्यावरील सूचनेप्रमाणे घालावेत. पाण्याचे तापमान टाकीतल्या पाण्याइतकेच असावे. त्या दिवसांत खाद्य निम्म्याहून कमी करावे. पुढे दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि स्पंज फार तुंबला तर तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात एकदोनदा पिळावा. महिन्याने येणाऱ्या त्या गृहस्थांना नम्रपणे सांगावे की पूर्ण टाकी रिकामी करायची नाही.

डासांच्या मशीनबद्दल मी मुद्दाम विचारले होते. त्या द्रवांत ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातली रसायने असतात. माणसांना ती सूचनेप्रमाणे वापरली तर फारशी बाधत नाहीत, पण मासे त्यांच्या बाबतीत अत्यंत हळवे असतात. पंप रात्रभर ती हवा ओढत होता आणि लक्षण सकाळी सर्वांत अधिक, दुपारी कमी होते, ही संगती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मशीन बंद करून सासऱ्यांसाठी मच्छरदाणी लावणे सर्वांत चांगले. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत झुरळांसाठी फवारणी होणार असेल तर त्या दिवशी पंप बंद न करता त्याची नळी बाहेरची हवा घेईल अशी ठेवावी आणि टाकी प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. मुंग्या-झुरळांचा खडू टाकीच्या टेबलाच्या पायांभोवती ओढण्याची सवय अनेक घरांत आहे, तोही नको.

सुईदोरा यांच्याशी एका मुद्द्यावर मी सहमत नाही. शिंपले वाईट नाहीत, पण आत्ता नकोत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरचा थेंब टाकला तर तो फसफसतो. तो पाण्याचा पीएच हळूहळू वर नेतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी स्वरूपात असतो. पीएच ८ झाला तर तेच प्रमाण सुमारे पाच टक्के, म्हणजे दहापट होते. अमोनिया असलेल्या टाकीत शिंपल्यांचा किल्ला ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. अमोनिया शून्य झाल्यावर चार-दोन शिंपल्यांना माझी हरकत नाही.

सुईदोरा:

पाणवठा यांचे म्हणणे मान्य आहे; अमोनियाचे मोजमाप हाती येण्यापूर्वी मी लिहिले होते. शिंपले वारलीच्या चित्राच्या चौकटीवर लावावेत, तिथे ते दिसतातही छान. फक्त किनाऱ्यावरून वेचताना जिवंत शंख आणि प्रवाळाचे तुकडे आणू नयेत, हे मुलीला जाताजाता सांगावे. प्रवाळ आणि शंखांच्या काही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.

ओसरी:

मी आपल्या सासऱ्यांच्याच वयाचा असेन, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर त्यांची बाजू घेऊन लिहितो. आमच्या पिढीतील अनेकांना माशांचा नाद मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे लागला. ते १९५१ साली सुरू झाले आणि मुंबईला गेलेले पाहुणे ते पाहिल्याशिवाय परतत नसत. माशांना हाताने काही घालण्याची आवड त्याहून जुनी आहे. देवळाच्या तळ्यात कणकेच्या गोळ्या आणि कुरमुरे टाकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तळ्यात हजारो लिटर पाणी, शेवाळ, गोगलगाई आणि शेकडो मासे असतात, त्यामुळे तिथे ते खपून जाते. आपल्या टाकीत पन्नास लिटर आहे.

शेवेत बेसन, तेल, मीठ, हळद, ओवा आणि कधी तिखट असते. गोल्डफिशला आपल्यासारखे जठर नसते. खाल्लेले थेट आतड्यात जाते, म्हणून त्याला थोडे-थोडे आणि हलके अन्न लागते. तेलकट, पिठूळ पदार्थ त्याला नीट पचत नाही, पोट फुगते आणि मासा कलंडून तरंगू लागतो. तो आवडीने खातो हे खरे, पण गोल्डफिश खडीही तोंडात घेतो. उरलेला चुरा तळाशी कुजून पाणवठा यांनी सांगितलेल्या अमोनियात भर घालतो. चिवड्यातले पोहे फुगतात, शेंगदाण्याचे तुकडे स्पंजला चिकटतात आणि मिठाचा हिशोब तर कोणी ठेवतच नाही.

सासऱ्यांना नको म्हणण्याऐवजी त्यांच्या हाती दुसरे काम द्यावे. मटाराचे दाणे मऊ उकडावेत, मीठ अजिबात घालू नये, साल चिमटीत दाबून काढावी आणि आतली डाळ बोटाने कुस्करून घालावी. माशामागे एक दाणा पुरे. हे सोलणे आणि कुस्करणे चहाच्या वेळी शांतपणे करण्याजोगे आहे, आणि मासे त्यांना ओळखून काचेपाशी येतील ते येतीलच. आठवड्यातून दोनदा मटार, एखाद्या दिवशी उकडलेल्या पालकाचे पान किंवा सोललेल्या काकडीची पातळ चकती, आणि बाकी दिवस दुकानातले बुडणारे दाणे असा क्रम ठेवावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालायचे आणि उरलेले पान तासाभराने काढून टाकायचे.

आपण फराळ करणाऱ्या आहात, तेव्हा माशांसाठीही एक पदार्थ सांगतो. वाटीभर उकडलेले मटार आणि मूठभर पालक मिक्सरमध्ये गंध वाटावे तसे बारीक वाटावेत. मिळाली तर चमचाभर स्पिरुलिना या हिरव्या शेवाळाची पूड घालावी. दुसरीकडे वाटीभर पाण्यात चमचाभर चायना ग्रासची पूड घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी, वाटण त्यात मिसळून ताटलीत पातळ थापावे आणि थंड झाल्यावर वडीसारखे पाडावे. चायना ग्रास एकदा घट्ट झाले की टाकीच्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी गढूळ होत नाही. वड्या फ्रीजरमध्ये ठेवून रोज नखाएवढा तुकडा घालावा. आमच्या घरी यात कोळंबीही घालतात. आपल्याकडे सामिष चालत नसेल तर ती वगळावी, कारण दुकानातल्या दाण्यांत मासळीची पूड बहुधा असतेच आणि प्रथिनांची गरज त्यातून भागते. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे माशांना घालायच्या लाल अळ्या, आणून फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी ठेवण्याचा प्रयोग मात्र घरातल्यांना विचारल्याशिवाय करू नये. त्यावरून आमच्याकडे बराच काळ अबोला होता.

कडबोळी:

सर्वांची फार मदत झाली. डासांचे मशीन काढले आहे आणि मच्छरदाणी बांधली आहे. निम्मे पाणी बदलण्याचा क्रम चालू आहे, अमोनियाचा रंग आता पिवळ्याकडे झुकू लागला आहे, आणि सकाळी दोन मासे तरी तळाशीच असतात. सासऱ्यांनी मटार सोलण्याचे काम आनंदाने घेतले, फक्त माशामागे एक दाणा या हिशोबावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. दोन लहान शंका उरल्या आहेत. चार मासे या टाकीत पुढेही राहू शकतील का? आणि मुलीला हॉलमध्ये आकाशकंदील करून तो सोनेरी स्प्रेने रंगवायचा आहे, तो चालेल का?

पाणवठा:

प्रगती चांगली आहे. चार गोल्डफिश या टाकीत फार काळ राहू शकणार नाहीत. शक्य असल्यास चार फुटांची टाकी घ्यावी. तिच्यात बरेच अधिक पाणी मावत असले तरी भरल्यावर तिचे वजन दोन माणसांहून कितीतरी अधिक होते, म्हणून ती कठड्यावर न ठेवता भिंतीलगत भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी. ते जमणार नसेल तर दोन मासे मोठी टाकी असलेल्या परिचितांना द्यावेत आणि दोनच ठेवावेत. मासे नदीत किंवा तलावात सोडून देऊ नयेत. गोल्डफिश तिथे तगला तर स्थानिक माशांच्या वाट्याचे खातो.

फराळाच्या घाईत मोठ्या टाकीचे काम काढू नये. दिवाळीनंतर नवी टाकी मांडून जुना स्पंज तसाच, न धुता, तिच्यात हलवला तर जिवाणूंची वस्ती तयारच मिळते.

सुईदोरा:

आकाशकंदिलाची कामट्यांची बांधणी आणि कागद चिकटवणे हॉलमध्ये खुशाल करावे. स्प्रे मात्र गच्चीवर मारावा, कारण त्यातले द्रावण बराच वेळ हवेत राहते आणि आता आपला पंप गॅलरीतली हवा ओढतो आहे, म्हणजे गॅलरीही त्या कामासाठी बाद झाली. रंगवलेला कंदील वास पूर्ण जाईपर्यंत गच्चीवरच टांगून ठेवावा आणि नंतर गॅलरीत लावताना पंपाच्या विरुद्ध टोकाला लावावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली फटाके सुरू झाले की गॅलरीत धूर येईल, त्या दोन-तीन तासांसाठी पंप आतल्या खोलीत आणून दार लावून घ्यावे.